काळ्या डब्याचा पासवर्ड

लातूरच्या कॉम्प्युटर दुकानात मंजुषा लॅपटॉप दुरुस्त व्हायची वाट बघत बसली होती. शेजारी उदगीरचे बसलिंगप्पा आणि त्यांची बायको महादेवी. काउंटरवर त्यांचा घरचे फोटो साठवायचा काळा डबा.

“नातीच्या क्लासपायी उदगीर सोडलं. इथल्या घरात आणल्यापासून ह्यो उघडतच न्हाई,” बसलिंगप्पा म्हणाले.

“घर बदललं, राऊटर बदलला, काका. डबा जुन्याच पत्त्यावर बसून राहिलाय,” दुकानदार सोमेश म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “हां, सापडला. पासवर्ड सांगा.”

“कुणालाच कळू नये असा टाकलाय.”

“मग?”

“मलाच आठवंना. पण आतलं काई पुसू नको बाबा. भूकंपात गेलेल्या आमच्या अव्वाचा, माझ्या आईचा, एकच फोटो हाय, तो त्यातच हाय.”

“भूकंपाची तारीख टाक,” महादेवी म्हणाल्या.

सोमेशनं आकडे दाबले. डबा उघडला.

“तुला कसं ठाऊक?”

“बँकेत तीच, फोनला तीच. माझ्या वाढदिवसाची तारीख कुठंच न्हाई.”

“कधी असतोय तुझा?”

मंजुषानं फोनमध्ये डोकं घातलं.

“परवाच होऊन गेला. सोमेश, तू अव्वाचा फोटो दाखव त्यांना.”