दगड धुऊ नका, आत्याबाई

हॅलो?… हो, अर्पिताच. बोला आत्याबाई… न्हाई, बाळ आत्ताच झोपलंय मांडीवर, म्हणून हळू बोलायलेय…

जेवले. हे पण जेवले… तुमी अशा न सांगता लेकीकडं सोनपेठला निघून गेलात, इथं गल्लीत विचारायलेत, सुनेनं सासूला हाकललं का म्हणून…

मासा? हाय अजून. बादलीतच, एकटा. रोज अर्धं पाणी बदलते… टाकीत कसा सोडू? समुद्राचं मीठ कालवून नवं पाणी भरलंय, पण त्यात जंतूच न्हाईत…

अहो, पुन्हा तेच. महालक्ष्म्या यायच्या म्हणून तुमी घर धुतलं, त्यात टाकीतले दगड बी धुतले. साबण लावून, नळाखाली. तुमाला काय ठाऊक… रागावले न्हाई. गप्प होते, एवढंच…

जंतू म्हंजे सगळे वाईट न्हाईत हो. दगडाच्या भोकाभोकांत राहतात, माशाची घाण खातात. ते गेले की त्याच घाणीचं विष होतं. बाकीचे मासे, प्रवाळ, सगळं तसंच गेलं… हां. विरजण. अगदी विरजणच समजा… मागवली की जंतूंची बाटली, पुण्याहून. चार दिवस उन्हात फिरून आली. मेलेलं विरजण…

जाऊ द्या. तिकडं काय चाललंय?… सविताताईंकडं बी साफसफाई? तुमचे हात काही स्वस्थ बसत न्हाईत… कुठला दगड?

थांबा. आत्याबाई, काय करायलात आत्ता?… हातात हाय? तो ब्रश खाली ठेवा… आधी ठेवा, मग सांगते.

अहो, तो आपल्याच टाकीतला. मीच दिला होता ताईंना, छोट्या टाकीत घालून. पण त्यांचा मासा तर उन्हाळ्यातच मेला, मला वाटलं टाकी बी रिकामी केली… पंप चालूच हाय?… जावईबापू रोज चिमूटभर दाणे टाकतात? मासा नसताना?… हसू नका त्यांना. त्यांच्या दाण्यांवरच जगलेत ते… जंतू हो, दुसरं कोण…

रंग कसा हाय दगडाचा?… जांभळा. आन् हलतंय काय?… पांढरे किडे, उवांएवढे. म्हणून धुवायला काढला? अहो, किडे हायेत म्हंजे दगड जिता हाय. लय जिता हाय… मी ओरडत न्हाई. बाळ मांडीवर हाय, ओरडू कशी…

किती घासला?… एकच बाजू. पाणी कुठलं?… त्याच टाकीतलं? नळाचं न्हाई?… इथं झालं ते बघून. तिथं कुणी सांगितलं बी न्हाई, तरी… न्हाई, काही न्हाई.

ऐका ना, आपल्या टाकीला विरजण मिळालं. दगड परत त्याच पाण्यात ठेवा. निघताना मोठ्या डब्यात तेच पाणी घ्या, दगड पूर्ण बुडाला पाहिजे. झाकण घट्ट नको, आन् ऊन लागू देऊ नका… कंडक्टरजवळ? न्हाई, तुमी स्वतः आणायचा… तुमचा हात लागायला नको म्हंता, मग इतका वेळ कुणाच्या हातात होता?

तुमीच ठेवायचा टाकीत. मी लाईट धरते, तुमी ठेवा… बिघडलं तर बिघडलं. तुमच्या हातचं दही आजवर बिघडलंय का?… हां, लगेच मासा सोडायचा न्हाई, दोनचार दिवस पाणी तपासू. तोवर बादली बदलायला मला बी माणूस पाहिजे की…

एक मिनिट. दगड देऊन परत जायचं न्हाई. पिशवी घेऊन या. साड्या, चष्मा, गोळ्या, सगळं… ताईंना मी सांगते… मग पुसा ते डोळे आन् बघा बस कितीची हाय… आत्ताची? मग बोलत काय बसलात?…

उठलं बघा बाळ. ऐकू यायलंय का?… सांगू त्याला, आजी यायली म्हणून?… हॅलो?… आत्याबाई?

…ठेवला. निघाल्या वाटतं.