चौदा पेले कॉफी

दरवर्षी डोंगर चढायला येणाऱ्या हाइंट्सचं पत्र जुरैसमास्तरांनी चार महिने उत्तराविना ठेवलं होतं. "गुडघे गेले. यंदा वादी रमचे लाल डोंगर खालूनच पाहीन. येऊ का?" एवढाच मजकूर होता. मास्तरांनी उत्तराचे सात खर्डे केले, पण एकही त्यांच्या मनास येईना. आज ते अकब्याच्या टपाल कचेरीत पुस्तकांचं पार्सल सोडवायला रांगेत उभे होते. पुढे वाळवंटातला एक बदू वाटाड्या आणि त्याची बायको बोलत होती.

"अबू मिस्फर, रिकामा पेला हलवला की यजमान थांबतो, एवढं तरी त्या पाहुण्याला सांगायचं होतंत."

"पाहुण्याला 'पुरे' म्हणायला मी शिकवू?"

"म्हणून चौदा पेले पाजलेत?"

"तो पीत गेला, मी ओतत गेलो. सकाळी दगडी कमानीवर कसा सरसर चढला."

"रात्रभर डोळा लागला नाही बिचाऱ्याचा. आणि तरी पत्र पाठवलंय?"

"विचारतोय, पुन्हा येऊ का."

"मग काय लिहिलंत? माफीबिफी?"

"'ये' लिहिलं."

"नुसतं 'ये'?"

"दुसरं काही त्यानं विचारलंच नाही."

मास्तरांनी खिडकीवर एक कार्ड घेतलं, फळीवर टेकवून त्यावर एकच शब्द लिहिला, पत्ता घातला आणि विचार बदलायच्या आत पेटीत टाकलं.