छावणीतली हजेरी

चारा छावणीत वैरणीच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी होती, तिच्यापुढं सातवीतली वाटावी अशी एक मुलगी. टेबलामागं सोसायटीचे सुंदरराव जनावरांची हजेरी मांडत होते.

"नाव सांग."

"शिवकन्या."

"तुझं न्हाई गं, मालकाचं."

"पंडित शहादेव. दोन बैल, एक गाय."

"तिन्ही दावणीला हायत न्हवं?"

"हायत. एखादं नसलं तर काय होतं, काका?"

"होतं काय! साहेब येत्यात तपासायला. जनावर कुठं गेलं म्हणून मलाच धरत्यात."

"वीस दिस झाले, मी शाळेत न्हाई. मी कुठं गेले म्हणून कुणीच कुणाला धरलं न्हाई."

"ते तुझ्या बापाला सांग."

"सांगितलं. बापू म्हणले, जनावरापाशी कुणीतरी राहावं असा छावणीचा नियम हाय."

"हायच."

"मग ते कुणीतरी मीच कावून?"

"लई बोलायलीस. वैरण पायजे का न्हाई?"

"पायजे. आन् माझी हजेरी बी मांडा. बैल हजर, गाय हजर, शिवकन्या शाळेत गैरहजर. साहेबाला वाचू द्या."

"पोरी, ही वही जनावरांची हाय."

"मग लेकरांची कुठं हाय? दाखवा, तिच्यात मांडा."

"सरक बाजूला. या जानकीबाई, पुढं या. किती जनावरं?"

"जनावरं मागून सांगते. आदी हिचं नाव लिव. आन् त्याच्याखाली माझ्या नातीचं."