विहीणबाईंना झटका

...पांढरा सोफा हो! माझ्या लेकीच्या नव्या घरात, रांगत्या नातीच्या तावडीत, पांढरा! तुम्हाला सांगते, फर्निचरच्या दुकानात मी लेकीच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, हेच समजावत होते, की डाग झाकणारं कापड घ्या, तर त्या बोलता बोलता गप्प झाल्या... आणि धाडकन आडव्या! मला आला संशय. म्हटलं, नाटक! हरायला लागल्या की ह्यांना चक्कर येते, लग्नाच्या बोलणीतसुद्धा आली होती!

पण ओठ निळे पडायला लागले हो... हाका मारल्या, हलवलं, श्वासच नाही! दुकानदाराने ॲम्ब्युलन्स बोलावली, भिंतीवरची पेटी काढून माझ्या हातात कोंबली आणि स्वतः त्यांची छाती दाबायला बसला. "हृदयाला झटका द्यायचं मशीन आहे, लावा!" "अहो, मला कुठे येतंय?" "कुणालाही येतं, पेटीवर लिहिलंय!" कुणालाही? मला आला संशय. मिक्सरच्या खोक्यावरही हेच लिहिलं होतं, अजून झाकण बसत नाही!

उघडलं, तर आतून बाईच बोलायला लागली! "शांत राहा." मी शांत नाही, हे हिला कसं कळलं? "छाती उघडी करा." पेटीतल्याच कात्रीने कपडा टर्रकन कापला. "चित्रात दाखवल्याप्रमाणे पट्ट्या चिकटवा." चिकटवल्या. "रुग्णाला हात लावू नका, तपासणी सुरू आहे..." आणि मग, ऐका हं, अगदी गोड आवाजात, "झटका देण्याची गरज आहे." आला ना मला संशय! विहीणबाईंना एक झटका द्यायला हवा, हे मी मनातसुद्धा दबक्या आवाजात म्हणायचे, हिला कुणी सांगितलं?

"दूर व्हा. चमकणारं बटण दाबा." बोट बटणावर नेलं... आणि बऱ्या असल्या तर? मीच मारलं म्हणतील! दुकानदार ओरडला, "अहो, गरज नसेल तर ते झटका देतच नाही, दाबा!" लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. दाबलं! अंग असं उसळलं... पुन्हा ती बाई, "छाती दाबत राहा." आम्ही आळीपाळीने दाबतोय, मी रडतेय, "विहीणबाई, पांढरा घ्या, दोन घ्या, पण उठा हो!" ...आणि ॲम्ब्युलन्स दारात थांबते न थांबते तोच त्यांनी श्वास घेतला!

आता ठणठणीत आहेत. येईल त्याला सांगतात, "विहीण कसली, सख्खी बहीण आहे माझी, तिच्यामुळे जिवंत आहे!" तेही डोळ्यांत पाणी आणून! आता अशा बाईशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा? एवढी एक करमणूक होती, तीही गेली!