पाटलीणबाईंची इरकल

साताऱ्याच्या त्या संस्थेत अडल्या घराला महिन्याचं धान्य मिळायचं. सुमंतराव जुने कपडे द्यायला आले होते. गाठोडं मांडीवर होतं आणि कान टेबलाकडे. टेबलामागे विनोदिनीबाई, समोर माण तालुक्यातून आलेल्या हरणाबाई, त्यांच्या मागं हौसाबाई.

"मालकांना काय झालं?"

"मुंबईला हमाली करत्यात. पाय मोडून घरी आल्यात. चूल थंड पडलीया, बाई."

"अहो, पण जरीकाठी इरकल नेसून आलात! गळ्यात बोरमाळ!"

"मग? शेरात काय फाटकं नेसून यायचं? गावाची अब्रू हाय का न्हाई?"

सुमंतरावांनी गाठोडं हळूच बाकाखाली सरकवलं.

"इथं गरजूंनाच मदत मिळते, हरणाबाई."

"म्या गरजूच हाय की! लुगडं पाटलीणबाईचं, माळ जावंची."

"आणि चपला?"

"त्या ह्या हौसाच्या. बगा, बिचारी अनवाणी हुबी हाय."

"खरं कशावरून?"

"माजी टाच बगा की, अर्धी भुईवर हाय!"

"बरं बाई, पटलं. धान्य घेऊन जा. हौसाबाई, या पुढं."

"जरा दम धरा, बाई."

"आता काय?"

"हरणीला लुगडं सोडू द्या. दोघीत येकच आणलंय."

"अहो, आहात तशाच या! ठिगळं दिसतायत, मला काही विचारावंसुद्धा लागणार नाही."

"अशी? शेरातल्या बाईम्होरं? हरणे, चल आडोशाला. आन् चपला पन काढ."