यशवंतरावांना विरोध हवा आहे

हॅलो?... हॅलो, कोण?... हो, भैय्यालालच बोलून राहिलो. नंबर भैय्यालालचा आहे तर दुसरा कोण बोलन?... अच्छा, यशवंतराव! अध्यक्षसाहेब! जय भीम, जय भीम... हो, तुमालेही नमस्कार.

सकाळी साडेनऊलाच फोन? तब्येत बरी आहे ना?... घरचे?... भावना सूनबाई?... मग गेलं कोण?... कोणीच नाही गेलं? मग फोन काहून केला?

नाही, तसं नाही हो. पण बावीस वर्षं झाली, तुम्ही फुटबॉल क्लबचे अध्यक्ष आणि मी सचिव. बावीस वर्षांत तुमचा फोन मले तीनदा आला. दोनदा मयतीचा, आणि एकदा चुकून लागला होता.

हं... आजच्या सभेबद्दल. पाच वाजता, हो, माहीत आहे. नोटीस मीच चिकटवली.

काय?... पुन्हा बोला... अवो अंजना, तो मिक्सर बंद कर जरा, इथं काहीतरी अजबच ऐकू येऊन राहिलं!... हां, बोला. मी काय करावं?... विरोध करावा?... तुमच्या ठरावाले? तुम्ही मले विरोध कराची विनंती करून राहिले?

यशवंतराव, विरोध तर मी आपल्या मनानं करतो. नवीन जाळी घ्याची होती, त्यालेही केला. जुनी जाळी फाटली म्हणून शोकप्रस्ताव आला, त्यालेही केला. त्याच्यासाठी विनंती कशाले?

हो, नियम अकरा मले पाठ आहे. 'ज्या ठरावाला एकही सभासद कारण देऊन नाही म्हणत नाही, तो ठराव कोणी नीट ऐकलाच नाही असे समजावे, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा ठेवावा.' मोठी माणसं होती हो क्लब काढणारी. आपल्याले चांगलंच ओळखत होती... तेच तर. सगळा क्लब माझ्या जिवावर चालून राहिला. मी नाही म्हणतो, बाकीचे चौदा जण हो म्हणतात, ठराव पास होते, चहा येते.

पण आजच्या ठरावात एवढं काय आहे?... टूर्नामेंट?... इंटरनॅशनल?... क्लबांची?... आपल्या ग्राउंडवर? रायपूरच्या उरला इंडस्ट्रियल एरियात? जिथं कारखान्यांच्या धुरानं हाफटाइमपर्यंत पांढरा बॉल काळा होते, तिथं?

बरं, बरं. रागावू नका. किती टीमा?... आठ, आणि नववे आपण. कुठल्या कुठल्या?... काठमांडू. बरं. ढाका. बरं. थिम्पू, कोलंबो... मोजून राहिलो, चार झाल्या. पाचवी?... भिलाई? भिलाई विदेशात केव्हा गेली हो?... गोलकीपर घानाचा आहे?... तिथं कॉलेजात शिकते, म्हणून टीम विदेशी? मग माझ्या पुतण्याची बायको नेपाळची आहे. आमच्या घरालेही एक ग्रुप देऊन टाका.

हसू नका. तुम्ही हसले की मले शंका येते.

फॉरमॅट सांगा... दोन ग्रुप, चार-चारचे. आणि आपण?... सरळ सेमीफायनलमधे? एकही मॅच न खेळता?... यजमानाचा मान? यशवंतराव, आपल्यात लग्नाचा यजमान शेवटच्या पंगतीले बसते. उरलंसुरलं खाते, वरून सगळ्याले विचारते, पोट भरलं का म्हणून. तुम्ही तर त्याले पहिल्याच पंगतीत जिलेबीच्या परातीपाशी बसवून राहिले.

बरं, दोन ग्रुपमधले दोन पहिले, तिसरे आपण. चौथी टीम?... 'उत्तम द्वितीय'. कोण ठरवन उत्तम?... कंपनी? कोणती कंपनी?... दिल्लीची, टूर्नामेंट भरवणारी. गोल मोजून?... 'एकंदर प्रभाव' पाहून? ही टूर्नामेंट आहे का पोट्टी पाहाचा कार्यक्रम?

आणि केव्हा?... मे महिन्यात. दुपारी तीन वाजता... टीव्हीसाठी? ज्या देशात टीव्ही पाहतात तिथं सावली असन हो, इथं काय? त्या अमेरिकेत क्लब वर्ल्ड कपले बत्तीस क्लब जमवले होते, माहीत आहे ना? एवढा मोठा देश, एवढे मोठे स्टेडियम. तरी वीज कडाडली की दोन-दोन तास मॅच थांबत होती, आणि ऊन पडलं की खेळाडू जीभ काढून बसत होते. आणि तुम्ही थिम्पूचे पोट्टे आणून राहिले, रायपूरले, मे महिन्यात, तीन वाजता! पहिल्या हाफात कुरडई, दुसऱ्या हाफात पापड. संध्याकाळी उचलून डब्यात भरा.

काय?... मान्य?... सहा वाजता ठेवू म्हणता? बरं... यजमान सेमीफायनलमधे नाही, ग्रुपमधूनच खेळन, तेही मान्य?... भिलाई काढाची?... मान्य?... 'एकंदर प्रभाव' पण नको?

यशवंतराव, थांबा जरा.

तुमाले सत्त्याऐंशी सालची गोष्ट आठवते? मी रेफ्री होतो, तुमाले ऑफसाइड दिला. तुम्ही सहा महिने माझ्याशी बोलले नाही. सातव्या महिन्यात बोलले ते पण एवढंच, की ऑफसाइड नव्हता. आणि आज चार मिनिटांत चार गोष्टी मान्य? मी पस्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. सगळे सिग्नल एकदम हिरवे दिसले की गार्ड पहिले ब्रेकवर हात ठेवते.

काही नाही कसं?... नाही, नाही, मले इज्जतीनं सभेत बोलू द्याचं आणि मग तिथंच मान्य कराचं, एवढं प्रेम बावीस वर्षांत नव्हतं, ते आज कुठून आलं? कागद समोर आहे ना तुमच्या? ठराव वाचा... एकच पान आहे? मग पूर्ण वाचा. मले वेळ आहे, रिटायर माणूस आहो.

हं... कलम एक, टीमा... कलम दोन, फॉरमॅट... कलम तीन, पाहुण्यांचं जेवण. चांगलं आहे, पण भाजीत तेल कमी ठेवा... कलम पाच, आभार...

तीनच्या नंतर पाच?... पानं चिकटली?... आत्ताच तर म्हणाले एका पानाचा ठराव आहे! एका पानाले दुसरं पान कसं चिकटन?... चार वाचा... नाही, सारांश नको. जसं आहे तसं वाचा.

'यजमानपदाच्या अटी'... हं... 'सदर मैदान'... हं... 'तीन वर्षांकरिता कंपनीच्या ताब्यात'... पुढं... 'तारेचे कुंपण व कुलूप'... 'क्लबच्या नियमित सरावास प्रवेश राहणार नाही'.

टूर्नामेंट किती दिवसांची आहे?... बारा. बारा दिवसांच्या पाहुण्यासाठी तीन वर्षं घर खाली कराचं?... गवत लावणार? लावू द्या. गवत काय कुलपात वाढते?

आणि पोरींचं काय?... कोणत्या पोरी म्हणजे? रोज पाच वाजता येतात त्या! बावीस पोट्ट्या. ट्रकांची धूळ खातात, तोंडाले ओढणी बांधून पळतात. तुमच्याच सुनेनं उभी केली ना ती टीम? माझी चेतना हाफबॅक आहे. जूनमधे राज्याची निवड आहे तिची. मराठीत विचारलं तर हिंदीत सांगते, 'आजोबा, इस बार नहीं हुआ तो फिर उमर निकल जाएगी.' आणि तुम्ही मे महिन्यात गेटले कुलूप लावता?

'व्यवस्था पाहू' म्हणजे कुठं?... कॉलनीच्या पार्किंगमधे? स्कूटरीले ड्रिबल करत?

भावनाले माहीत आहे हे?... नाही... तेच म्हटलं.

आता समजलं. आता सगळं समजलं. मी उभं राहाचं, फॉरमॅटवर पाऊण तास बोंबलाचं. तुम्ही हसत हसत सगळं मान्य कराचं. लोक म्हणतीन, चला, भैय्यालालचा विरोध झाला, नियम अकरा झाला, चहा आणा. चारपर्यंत कोणाचं ध्यानच जाणार नाही. म्हणून तर सगळं एकाच ठरावात घातलं! माझ्याच तोंडानं माझ्याच नातीचं ग्राउंड घेऊन राहिले तुम्ही.

काय म्हणता?... वाटलं तर चारलेच विरोध करा?... वा! मी कशालेही विरोध केला तरी ठराव पासच होते ना. चौदाविरुद्ध एक. लोकाले सवय झाली आता, मी उभा राहिलो की ते चपला शोधतात.

नाही. मी विरोध करत नाही... हो, बरोबर ऐकलं. आज मी सहमत आहो. पूर्ण सहमत. तोंडातून अक्षर काढत नाही. एकमतानं मंजूर होऊ द्या, म्हणजे नियमानं पुढल्या महिन्यात जाईन... कंपनीले सोमवारी कागद पाहिजे? अरेरेरे. सोमवार तर आलाच.

दुसरा विरोधक? शोधा ना... कोण?... देवीदास? देवीदास विरोध करन? तुम्ही शिंकले तरी तो अनुमोदन देते!

तुम्ही स्वतः? स्वतःच्या ठरावाले?... नाही, मनाई कुठंच नाही. पण कारण द्या लागते. सांगा, पेन हातात आहे, आत्ताच लिहून घेतो... फॉरमॅट? फॉरमॅट तर तुम्हीच लिहिला. त्यालेच चुकीचा म्हणान तर लोक हासतीन... जेवण? तेही तुमचंच. चार कोणी लिहिलं?... कंपनीनं. मग करा त्यालेच. घाबरता काहून? विरोध नोंदवला की पास, तुमचं काय जाते?

बोला, लिहून राहिलो... 'सदर मैदानावर'... 'दररोज सायंकाळी'... 'बावीस मुली'... हो... 'ज्या आपल्या क्लबच्या'... ज्या काय?... 'ज्यांनी मागील वर्षी जिल्ह्याची फायनल जिंकली'... बरोबर आहे. आपण दोघं तर जन्मभर फायनल तिकीट काढूनच पाहत आलो... 'त्यांना'... त्यांना काय?... पुढचं नंतर सांगता?... नंतर नाही, आत्ताच.

असं करा, पाणी प्या. मी थांबतो. कारण हे वाक्य पाच वाजता तुमाले उभं राहून मोठ्यानं वाचा लागन. भावना दुसऱ्या रांगेत बसते, खिडकीपाशी.

हं... हं... माहीत आहे मले... हो, तेही माहीत आहे. खेळाले तुम्ही दुर्गच्या पुढं कधी गेले नाही. पासपोर्ट काढला होता, तोही कोराच संपला. एकदा तरी विदेशी टीमच्या कॅप्टननं हात मिळवावा, 'प्रेसिडेंट' म्हणावं... त्यात वाईट काय आहे? मले पण पाहाची आहे काठमांडूची टीम. येऊ द्या. बारा दिवस राहा, खेळा, जेवा, जा. पाहुण्याले चादर देतात, सातबारा नाही देत.

कंपनी मानणार नाही? नका मानू म्हणावं. मग आठ नाही आले तर दोन बोलावू. दोन देश असले तरी इंटरनॅशनलच होते, मी कायद्यानं सांगतो.

कापता?... खरंच?... पेन्सिलनं का पेननं?... पेननं कापा. आणि फोटो पाठवा व्हाट्सअपवर... विश्वास आहे हो, फोटोही पाहिजे... आला. थांबा, चष्मा... यशवंतराव, ही रेघ तर तीनवर आहे. तुम्ही पाहुण्यांचं जेवण कापलं!... हं, आला दुसरा... हां. चार. आता बाजूले सही करा... नुसता 'य' नाही, पूर्ण सही. आडनावासकट... झाली.

पान उलटा बरं... मागं काही आहे का?... कोरं आहे? फोटो पाठवा... हं. कोरंच आहे.

मग कोरं कशाले ठेवता? लिहा तिथं. 'कलम चार: उद्घाटनाचा सामना क्लबच्या मुली खेळतील'... हो, पोट्ट्या! पहिल्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांच्या समोर. आणि त्यांच्याशी पहिला हात अध्यक्ष मिळवन...

काय?... तुमाले मान्य नाही?... कारण?... 'मुख्य पाहुणे काय म्हणतील'... हळू बोला, लिहून राहिलो... 'काय म्हणतील'... झालं. नाव तुमचंच लिहितो खाली, पाच वाजता सभेत हेच वाचा. विरोध नोंदवला, यशवंतराव! आता ठराव पास व्हाले नियम अकराचीही आडकाठी नाही.

चहा मात्र आज कडक सांगा. ठेवतो.