वायर कापायच्या आधी

—नाही नाही, दार नाही उघडता येणार, मिस्त्री. किल्ली नवऱ्याकडे असते. तुम्ही शिडीवरच थांबा, खिडकीच्या गजांतून बोलू. काय, इंटरनेटचं कनेक्शन कापायचंय? कोणी सांगितलं? नवऱ्यानंच, नोल्बेर्तोनं? हां... त्याच्याच नावावर आहे म्हणा. कापा, तुमचं काय चुकलं — पण जरा दम तर खा. वाल्पाराइसोच्या या पायऱ्या चढून आलात, धाप लागलीय तुम्हाला.

असे काय बघताय? कोंडलंय म्हणून? अहो, माझ्याच भल्यासाठी कोंडलंय! मी प्यायचे. शिलाई मशीनशेजारी चहाचा कप असायचा ना, त्यात चहा नसायचाच कधी. एकदा खाली बाजारात पडले, कपाळ फुटलं, चार माणसांनी उचलून आणलं — तेव्हापासून कुलूप. नोल्बेर्तो बंदरावर क्रेन चालवतो, मान आहे त्याला तिथं. आणि खरं सांगते, तेव्हा फार मायेनं वागायचा. तोंड पुसायचा, केस विंचरायचा, शेजारणींना सांगायचा, 'माझी एलियाना आजारी आहे.' मीही म्हणायचे, देवमाणूस!

मग उत्तरेतल्या माझ्या बहिणीनं हा फोन पाठवला — सिमकार्ड नाही त्यात, तुमच्या या वायरीवरच चालतो — आणि एका बायकांच्या गटात मला घातलं. दारू सोडणाऱ्या बायका. रोज संध्याकाळी पडद्यावर जमतात. आधी मी नुसता कान द्यायचे, तोंड दाखवायचे नाही. तिथं एक रोसौरा आहे, कोन्सेप्सिओनची, पावाची भट्टी चालवते, आवाज असा की भांडी वाजावीत — ती म्हणाली, 'अगं, अंधारात कोण बसलंय? ये की उजेडात!' आले. रडले, शिव्या घातल्या, हात थरथरायचे तेव्हा त्यांनी मला पडद्यासमोर कणीक मळायला लावली — आणि सुटली हो दारू. हिवाळा गेला, उन्हाळा आला, थेंब नाही.

आता तुम्ही म्हणाल, नवरा खूश झाला असेल. मलाही तसंच वाटलं. म्हटलं, 'आता किल्ली दे.' एवढंच म्हटलं! पिऊन पडले तेव्हा सगळं माफ केलं त्यानं, मिस्त्री, पण किल्ली मागितली तसा त्याचा चेहरा... जाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना टेबलावर वाइनचा पुठ्ठ्याचा खोका ठेवून जातो. रोज. तोंड फोडलेला. वर म्हणतो, 'बघू तरी, तुझ्या मैत्रिणी किती पाण्यात आहेत.' दार बाहेरून बंद, आणि दारू आत! मी ओतून टाकते, तो नवा आणतो. आजचा — आजचा अजून ओतला नाही मी. तो काय, तिथंच आहे. सकाळपासून बघतेय त्याच्याकडे.

म्हणून म्हणते, आज नका ना कापू. संध्याकाळची बैठक तेवढी होऊ द्या — नाही? साहेब ओरडतो? बरं. नाही नाही, समजतं हो मला. तुम्हालाही घर आहे.

थांबा — जरा थांबा. मागे रोसौरानं माझा पत्ता मागून घेतला होता. म्हणाली, 'ज्या संध्याकाळी तू दिसणार नाहीस, त्या रात्री मी भावाला घेऊन बसमध्ये बसले असं समज. दार फोडायला पहार आमच्याकडे आहे.' सगळ्या हसल्या. ती नव्हती हसली. आणि मी? तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप होता तरी बसले, 'मी बरी आहे' म्हणाले. भीती वाटायची हो... ती खरंच आली तर? या वयात घर सोडून जायचं कुठं?

धरा हा खोका. आडवा करा, जातो गजांतून. खाली गटारात ओता — मला वास नको.

ओतलात? आता कापा. आज संध्याकाळी मी पडद्यावर दिसायला नको. अहो, माझ्या तोंडाकडे काय बघता, कापा म्हणते ना! आणि निघा, मिस्त्री. तो यायच्या आत निघा.